उरल्यासुरल्या लाकडाच्या टांगत्या ठक्या: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दोन वर्षं वाण म्हणून हाताने केलेल्या छोट्या लाकडी ठक्या देते, आणि तेव्हापासून मेसेज थांबतच नाहीत. लाकूड कुठून आणलं, साडी कशी चिकटवली, माझ्या ठकीचं डोकंच निघालं आता काय करू, असं सगळं. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. माझा एकच आग्रह आहे तो आधीच सांगते, बाहुलीसाठी सामान विकत आणू नका, घरात जे पडलंय ते समोर मांडा आणि त्या तुकड्यालाच ठरवू दे बाहुली कशी होणार ते.

ठकी म्हणजे नेमकं काय? साधी बाहुलीच ना?

बाहुलीच, पण लाकडाची. ठकी हा आपला जुना मराठी शब्द आहे, हल्ली ऐकू येत नाही फारसा. माझ्या आजोळी एक होती, वीतभर उंचीची, एकाच ठोकळ्यातून केलेली, हात अंगाला चिकटलेले, पाय वेगळे नाहीतच, खाली लुगड्याचा घेर तेवढा रुंद होत गेलेला. पाठ सपाट होती त्यामुळे ती भिंतीला टेकून उभी राहायची. रंग जवळजवळ गेलेला पण डोळे मात्र शाबूत, चांगले मोठे लांबट. तीन पिढ्या तिच्याशी भातुकली खेळल्या आणि तिचं काहीही मोडलं नाही, कारण मोडायला बाहेर आलेलं असं काही नव्हतंच तिला. जपानची कोकेशी बाहुली बघा, तिलाही हातपाय नाहीत, नुसतं खोड आणि डोकं. उरलेल्या लाकडातून काही करायचं असेल तर हाच आकार सगळ्यात बरा, तुकडा छोटा असला, वेडावाकडा असला तरी त्यात ठकी मावते. सुरुवातीलाच हलणारे हातपाय करायच्या मागे लागू नका.

घरातलं कुठलं कुठलं लाकूड चालतं?

मोडलेलं लाटणं सगळ्यात भारी. त्याच्या मुठीला आधीच मान आणि डोकं असल्यासारखा आकार असतो, फक्त योग्य ठिकाणी कापायचं. ताक घुसळायच्या रवीचा दांडा, मोडक्या लाकडी पळीची मूठ, झाडूचा किंवा कुंच्याचा दांडा, ड्रॉवरचे जुने गोल नॉब, पतंगाच्या मांज्याची लाकडी आसारी, हरवलेल्या जोडीतली विटी (विटीची दोन्ही टोकं निमुळती असतात, एक टोक कापलं की घेर तयार), जुन्या शिवणमशीनच्या डब्यात लाकडी रिळं असतील तर ती, कपड्याचे लाकडी चिमटे, आइसक्रीमच्या काड्या. डोक्यासाठी लाकडी मणी लागतात, ते कारच्या सीटवर टाकायची मण्यांची मॅट असते ना, जी दोन वर्षांत तुटते आणि मग माळ्यावर जाऊन पडते, तिच्यात शेकड्याने असतात. मुलांच्या मणीपाटीतलेही चालतात.

कापडाचं, लोकरीचं तुमच्याकडे असतंच. ब्लाउजपीसचे उरलेले कोपरे, फॉल लावताना कापलेली पट्टी, फाटलेल्या साडीचे जरीचे काठ, तुटलेल्या तोरणातले मोती, टिकल्यांच्या पाकिटातल्या उरलेल्या टिकल्या. मी एक जुना लाडवाचा डबा यासाठीच ठेवलाय, घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की काही फेकायच्या आधी मला दाखवा.

चालत नाही ते म्हणजे ओलं लाकूड. बागेतली ताजी छाटलेली फांदी छान दिसते पण वाळताना तिला चिरा जातात आणि तुमचा रंगवलेला चेहरा मधोमध उलतो. फांदी वापरायचीच असेल तर साल काढून दोन्ही टोकांना फेव्हिकॉल फासा आणि सावलीत निदान तीनचार महिने विसरून जा. टोकांतून पाणी भराभर जातं म्हणून ती बंद करायची, म्हणजे सगळं लाकूड सावकाश सारखं वाळतं.

ताई, लाटण्याच्या लाकडावर रंग बसतच नाहीये, थेंब थेंब होऊन घसरतोय

तेल. वर्षानुवर्षं पोळ्यांचं तेल आणि तूप त्यात मुरलेलं असतं, आणि लाटणं सागवानी असेल तर लाकडाचं स्वतःचंही तेल असतं. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासणीने नीट घासा, भिजत मात्र ठेवू नका. मग दोन दिवस वाऱ्यावर वाळू दे. नंतर 80 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन वरचा थर अगदी उडवून टाका, नवीन लाकूड दिसेपर्यंत. त्यानंतर 120 आणि शेवटी 220. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवं घासलं की ओरखडे पडतात आणि ते रंगाखालूनही दिसतात. शिसमाचं लाटणं असेल तर रुमाल बांधूनच घासा, चांगला मास्क असेल तर उत्तमच, कारण शिसमाच्या भुशाने बऱ्याच जणांना खाज सुटते, शिंका येतात.

आणि ज्यांचं लाटणं छान गडद शिसमी आहे त्यांनी चेहरा गोरा करायच्या भानगडीत पडूच नये असं माझं मत. तो लाकडाचा रंगच ठेवा, वर फक्त डोळे, कुंकू, नथ. माझ्याकडच्या सगळ्यात देखण्या ठक्या अशाच सावळ्या आहेत.

आंब्याच्या पेटीच्या फळ्या वापरता येतील का?

येतात ना, मी दरवर्षी जूनमधे त्याच वापरते. लाकूड मऊ, हलकं, कापायला सोपं, आणि फळी पातळ असल्याने सपाट पाठीची ठकी थेट होते. पेन्सिलने आकार काढा, डोकं गोल, खांदे, खाली रुंद होत जाणारा घेर. तिच्यात खिळे आणि स्टेपलच्या पिना असतात त्या पक्कडीने सगळ्या काढा, करवतीखाली एक जरी राहिली तरी ब्लेड जातं आणि बोटालाही लागू शकतं. फळी खरखरीत असते त्यामुळे लाकडाची बारीक कुसळं फार टोचतात, हाताळताना जाड हातमोजे घाला.

याच्याशीच जोडून, बरेच जण मशीन किंवा फर्निचरसोबत येणारं पॅकिंगचं लाकूड वापरतात. परदेशातून आलेल्या अशा लाकडावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि शिक्का असतो. शिक्क्यात एचटी ही इंग्रजी अक्षरं असतील तर ते लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं असतं, गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस निदान 30 मिनिटं, ते बिनधास्त घ्या. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. काहीच लिहिलेलं नसेल आणि तेलकट वास येत असेल तर तेही नको.

प्लायवुड, एमडीएफ?

एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) नको. घासलं की पिठासारखा बारीक भुसा उडतो, त्यात चिकटवायचं केमिकल असतं, आणि पाणी लागलं की फुगतं. प्लायच्या कडा सोलल्या जातात पण पाठ सपाट ठेवायची असेल तर चालून जातं.

हत्यारं काय काय लागतात, नवीन घ्यायला लागतील का

बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड, टेबलाला तुकडा घट्ट धरायला एक सी क्लॅम्प, तीन नंबरचे पॉलिश पेपर, दाभण, जुनी कात्री, दोन ब्रश (एक शून्य नंबरचा बारीक, एक चपटा). बस. क्लॅम्पवर पैसे खर्च करा, बाकी काही नसलं तरी चालेल. तुकडा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने करवत चालवणं हे मी पहिल्या वर्षी केलं आणि डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले, तेव्हा हे मनापासून सांगतेय. कापताना करवत ओढण्याची घाई नको, लांब आणि हलके हात मारा. मुलं सोबत असतील तर कापायचं काम तुमचं, घासायचं आणि रंगवायचं त्यांचं.

पहिली ठकी कशी करू, सगळं क्रमाने सांगा ना

लाटण्याची मूठ किंवा दांडा धरून सांगते. उंची 10 सेंटिमीटर घ्या, त्याहून मोठी टांगायला जड होते. डोकं उंचीच्या साधारण पाव भाग, म्हणजे अडीच सेंटिमीटर. माणसाचं डोकं एवढं मोठं नसतं पण बाहुलीचं असंच गोड दिसतं, लहान डोक्याची ठकी उगाच रागीट वाटते. मुठीला मानेची खाच असेल तर तीच मान. नसेल तर पेन्सिलने रेघ मारून त्यावर पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी करून गोल गोल घासत राहा, पंधरा मिनिटांत खाच पडते, मऊ लाकूड असेल तर आणखी लवकर. सरळ झाडूचा दांडा असेल तर वर मणी चिकटवा, पण नुसता गोंदाने नको. दांड्याच्या डोक्यात दाभणाने भोक पाडून त्यात काडेपेटीची काडी किंवा टूथपिक ठोका, तिच्यावर मणी बसवा, मग गोंद. "डोकं निघालं" म्हणून जेवढे मेसेज येतात त्या सगळ्यांनी ही काडी घातलेली नसते. ज्यांचं आधीच निघालंय त्यांनीही हेच करायचं, जुना गोंद खरवडून काढा, काडी घाला, परत बसवा.

मग सगळीकडून 220 ने घासा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू दे. पुसल्यावर लाकडाचे बारीक केस उभे राहतात, ते परत एकदा हलक्या हाताने घासा. ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि मग चेहरा खरखरीत येतो. त्यानंतर अस्तर. फळ्यावरच्या पांढऱ्या खडूची पूड वस्त्रगाळ करून घ्या, ती फेव्हिकॉलमधे कालवा, ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी घाला आणि दोन पातळ हात द्या. पहिला हात वाळल्यावरच दुसरा. मग रंग, मग कपडे, मग केस, सगळ्यात शेवटी दागिने. आधी कपडे घालून मग चेहरा रंगवायला गेलात तर साडीवर डाग पडणार म्हणजे पडणारच.

गोंद कुठला वापरायचा? इन्स्टंट ग्लूने पटकन होतं ना?

लाकडाला लाकूड आणि लाकडाला कापड, दोन्हीला साधा पांढरा फेव्हिकॉल. रबरबँड किंवा कपड्याच्या चिमट्याने अर्धा तास दाबून ठेवा आणि पूर्ण ताकद यायला 24 तास द्या. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नका.

इन्स्टंट ग्लू मी कापडावर अजिबात वापरू देत नाही, आणि याला कारण आहे. सुती कापड आणि लोकर यांच्यावर तो पडला की रासायनिक क्रिया एकदम वेगाने होते आणि कापड गरम होतं, कधी कधी चटका बसण्याइतकं, धूरही निघतो. माझ्याकडे एका खणाच्या तुकड्यावर असाच थेंब सांडला आणि बोट भाजलं, शिवाय कापड कडक होऊन पांढरट डाग पडला तो वेगळाच. धातूचा मणी किंवा काचेचा खडा लाकडावर बसवायला तेवढा वापरा, तोही टूथपिकच्या टोकाने. ग्लूगनने काम लवकर होतं पण गुळगुळीत रंगवलेल्या लाकडावरून तो गोंद काही महिन्यांनी आख्खा सोलून निघतो, आणि एप्रिल-मेमधे उन्हाच्या खिडकीत टांगलेली असेल तर मऊही पडतो.

कापडासाठी आणखी एक जुनी गोष्ट करून बघा, चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून साल काढायची, रात्रभर भिजवायचे, वाटायचे आणि पाण्यात शिजवून गाळून घ्यायचे. सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचे, कापडाचे थर याच खळीने कडक करतात. खळ लावून इस्त्री केलेल्या कापडाच्या चुण्या अशा बसतात की बघत राहावं. फक्त दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करा.

नऊवारी कशी नेसवायची एवढ्याशा बाहुलीला? पाय तर नाहीत

हा माझा आवडता प्रश्न आहे. ठकीला पाय नाहीत म्हणजे खरा काष्टा घालता येत नाही, पण तो दाखवता येतो. 10 सेंटिमीटरच्या ठकीला साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब पट्टी घ्या, एका लांब बाजूला जरीचा काठ येईल अशी. काठ नसेल तर गोटा किंवा सोनेरी रिबीन चिकटवा. कापड जितकं पातळ तितकं चांगलं, जुनी सुती साडी किंवा मलमल. पैठणीचा तुकडा जीवापाड जपलेला असतो सगळ्यांकडे पण तो रेशीम आणि जर मिळून एवढ्या छोट्या मापाला ताठ उभा राहतो, त्याचा फक्त काठ आणि पदर वापरा.

पट्टी कमरेला डाव्या बाजूने चिकटवायला सुरुवात करा, एक वेढा पूर्ण झाला की समोर चारपाच बारीक निऱ्या घाला आणि बोटाने दाबून वर फेव्हिकॉलचा ठिपका. उरलेली पट्टी मागून फिरवून पुढे छातीवरून डाव्या खांद्यावर न्या, तो पदर. तो पाठीवर मोकळा सोडा, चिकटवू नका, टांगल्यावर वाऱ्याने हलतो तेवढाच त्या ठकीत जीव येतो. आता काष्टा. त्याच कापडाची दीड सेंटिमीटरची पट्टी घ्या, उभ्या तीन घड्या घालून इस्त्री मारा आणि पाठीमागे कमरेपासून खाली मधोमध चिकटवा, काठ बाहेरच्या बाजूला दिसेल अशी. झाली नऊवारी.

लहान मुलगी करायची असेल तर खणाचं परकर-पोलकं सोपं. साडेसहा सेंटिमीटर उंच आणि 20 सेंटिमीटर लांब तुकडा, वरच्या कडेला दोरा घालून चुण्या ओढायच्या आणि कमरेला बांधायचं. खण हा मुळात कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, तिथे विणला जातो आणि चोळ्या शिवल्या गेल्या आपल्याकडे, त्यामुळे कुठल्याही मराठी घरात कपाटात एखादा तरी तुकडा निघतोच. त्याचे धागे फार सुटतात, कापायच्या आधी जिथून कापणार त्या रेघेवर पातळ फेव्हिकॉल फिरवून वाळवा.

चेहरा काढताना हात थरथरतो

सगळ्यांचा थरथरतो. मनगट टेबलावर टेकवा, ठकीला वाटीतल्या तांदळात उभी रोवा म्हणजे दोन्ही हात मोकळे. डोळ्यांसाठी ब्रश घेऊच नका, टूथपिक रंगात बुडवून ठिपका द्या, टाचणीच्या डोक्याने पांढरा छोटा ठिपका आत. डोळे चेहऱ्याच्या मध्यावर नाही तर मध्याच्या किंचित खाली काढा, मग ती लहान मुलीसारखी दिसते. नाक काढू नका. ओठ म्हणजे एकच छोटी लाल रेघ. चुकलं तर ओल्या कापसाने लगेच पुसा. कुंकवाला टिकली लावायची झाली तर पाकिटातली सगळ्यात बारीक, किंवा मोठ्या टिकलीतून चंद्रकोर कापून घ्या, पण टिकलीचा स्वतःचा गोंद वर्षभरात सुटतो, खाली फेव्हिकॉलचा थेंब हवा. नथीला बारीक तांब्याची तार, तीन मोती. केसांना काळी लोकर, किंवा जुन्या गोंड्याचा काळा दोरा, मधे भांग पाडून मागे अंबाडा, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा गजरा गुंडाळा.

कुठले रंग? घरात जुना ऑइल पेंटचा डबा आहे

अॅक्रेलिक किंवा फॅब्रिक कलर घ्या. पोस्टर कलर वाळल्यावरही ओला हात लागला की सुटतो. आणि तो जुना डबा, विशेषतः खिडक्या-दारं रंगवलेला, किती वर्षांचा आहे ते बघा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम 2016 मधे आले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगांत, खास करून पिवळ्या, केशरी, लाल अशा भडक रंगांत शिसं भरपूर असायचं. बाहुली म्हटली की ती मुलाच्या तोंडात जाणार. तो डबा वापरू नका, आणि जुन्या रंगवलेल्या दाराच्या किंवा पाळण्याच्या तुकड्याची ठकी करायला घेतलीत तर तो रंग कोरडा घासूही नका, ती धूळच जास्त वाईट. असा तुकडा मी सरळ बाजूला ठेवते, कितीही आवडला तरी.

सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी चकाकी कशी येईल?

खरं सांगायचं तर घरी तशी येत नाही. तिथल्या आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाखकामात तुकडा लेथवर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ती चकाकी त्या फिरण्यातून येते, ब्रशने नाही. सावंतवाडीला गेलात तर चितारआळीत जरूर जा, एकदा ते रंग हातात घेऊन बघितले की आपण कशाच्या जवळ जायचा प्रयत्न करतोय ते कळतं.

घरी दोन पर्याय आहेत. न रंगवलेल्या लाकडाला चपडा लाख, हार्डवेअरच्या दुकानात पापुद्रे मिळतात, 25 ग्रॅम चपडा 100 मिली पॉलिशच्या स्पिरिटमधे रात्रभर ठेवायचा, गाळायचा, सुती फडक्याच्या बोळ्याने तीनचार पातळ हात द्यायचे. गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून, स्पिरिट भडकन पेटतं. पावसाळी हवेत करू नका, लाख पांढरट पडते. आणि हे नीट वाचा, अॅक्रेलिकने रंगवलेल्या चेहऱ्यावर चपडा लावू नका, स्पिरिटने अॅक्रेलिक सुटतो आणि डोळे पार गालावर ओघळतात. रंगवलेल्या भागाला पाण्यात विरघळणारं वॉर्निश, दोन हात.

टांगायचं कसं, माझी ठकी वाकडीच लोंबते

गोल कडीचा बारीक स्क्रू मिळतो, हार्डवेअरवाल्याकडे छोटा आयहुक म्हणून मागा. डोक्याच्या अगदी मधोमध दाभणाने आधी भोक, मग स्क्रू हाताने फिरवा. भोक न पाडता घुसवलात तर डोकं चिरतं. भोक स्क्रूच्या लांबीपेक्षा किंचित कमी खोल आणि स्क्रूपेक्षा बारीक हवं. हे काम रंगवायच्या आधी करून ठेवा, म्हणजे तिला टांगूनच रंगवता येतं. वाकडी लोंबते कारण पदर, अंबाडा एका बाजूला जड झालेत. हुक काढून त्या जड बाजूला दोनतीन मिलिमीटर सरकवून लावा. एवढंच. सपाट फळीच्या ठकीला मात्र हुकपेक्षा डोक्यामागे दोऱ्याची कडी चिकटवून वर कापडाची पट्टी लावलेली बरी.

पावसाळ्यात बुरशी आली, आणि एकीतून पिवळसर पूड पडतेय

बुरशी आली तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, मग उन्हात ठेवा, थेट कडक उन्हात नको, कपडे विटतात. पुढच्या वर्षी जूनच्या आधी वर्तमानपत्रात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळलेला, ओलसर पाल्याने उलट बुरशी वाढते. बाहुलीच्या तळाला अस्तर आणि वॉर्निश द्यायला सगळे विसरतात आणि ओल तिथूनच शिरते.

पूड पडतेय म्हणजे लाकडात किडा आहे. ती ठकी आजच्या आज बाकीच्यांपासून वेगळी करा. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि फ्रीजरमधे दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची म्हणजे बाष्प बाहुलीवर न धरता पिशवीवर धरतं. नंतर काळ्या कागदावर उभी करून आठवडाभर बघा, परत पूड पडली तर ती ठकी गेली असं समजा.

लहान बाळाला खेळायला देऊ का?

ही टांगायची शोभेची वस्तू आहे, तीन वर्षांखालच्या मुलाला नको. मोती, नथ, आयहुक, टिकली, सगळं गिळता येईल असं. बाळासाठीच करायची तर नुसती घासून गुळगुळीत केलेली, एकसंध, मुठीत न मावेल एवढी मोठी, रंग नाही, दागिने नाहीत, खोबरेल तेलाचं बोट फिरवलेली ठकी करा.

कुठल्या सणाला काय करता येईल?

संक्रांतीच्या वाणाचं सांगितलंच. दिवाळीत किल्ल्यावर मावळे आणि बाजारपेठेतल्या बायका करा, हुक न लावता खाली खिळ्याचं टोक ठेवलं की मातीत रोवता येतात आणि मातीच्या चित्रांसारख्या फुटत नाहीत. नाताळात वसईकडच्या आणि गोव्यातल्या मैत्रिणींनी झाडावर टांगल्या, एकीने तर कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्यातल्या केल्या होत्या, त्यांचा फोटो मी जपून ठेवलाय. बंगळुरू-म्हैसूरकडे राहणाऱ्यांनी दसऱ्याला शेजारच्या घरी मांडलेल्या बाहुल्या बघितल्या असतील, त्यात लाकडी राजा-राणीची जोडी असते, तिच्याशेजारी आपली नऊवारीतली ठकी मांडायला द्या, खूप कौतुक होतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो भोंडला. एम्ब्रॉयडरीची मोडकी लाकडी रिंग घ्या, तिला सात परकरवाल्या ठक्या सारख्या अंतरावर टांगा, मधोमध फळीतून कापलेला हत्ती. पंखा मंद लावला की फेर धरला जातो. सगळ्या दोऱ्या सारख्या लांबीच्या ठेवा, आणि ठक्या वजनाने जवळपास सारख्या हव्यात, नाहीतर रिंग कलते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून घ्या, तरीही रिंग कललीच तर हत्ती थोडा सरकवा.

विकायच्या असतील तर?

शोभेची वस्तू म्हणून विका आणि तसं लेबलवर स्पष्ट लिहा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यात सूट आहे. खेळणं म्हणून विकायचं मनात असेल तर आधी ती नोंदणी करा. भाव ठरवताना सामान फुकटचं आहे म्हणून वेळही फुकटचा धरू नका. मला एका नऊवारी ठकीला वाळण्याचा वेळ सोडून तीन तास लागतात, आणि ते तीन तास मी किमतीत धरते.

मुलगी ऑस्ट्रेलियात आहे, तिला कुरिअर करता येतील?

तिथे आणि न्यूझीलंडला लाकडी वस्तूंची तपासणी कडक असते, पार्सलच्या फॉर्मवर लाकडी बाहुली असं स्वच्छ लिहा, लपवू नका. साल शिल्लक असलेलं किंवा किडक्याची भोकं असलेलं लाकूड पाठवूच नका, जप्त होतं. वाळलेली, घासलेली, सगळीकडून रंग आणि वॉर्निश दिलेली ठकी पाठवा. केसात खरी वाळलेली फुलं, आत भरायला पेंढा, सजावटीला तांदूळ किंवा बिया यातलं काही नको. गुंडाळायला जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा घ्या, पदर आधी दोऱ्याने अंगाला हलकाच बांधा म्हणजे चुरगळत नाही, आणि तिला सांगा पोचल्यावर तो दोरा कापायचा.